बाईंच्या खोलीला कुलूप नको

जमलेल्या माणसांनो, खरं सांगतो, हे चार शब्द लिहायचं मी परवापासून टाळतोय. कागद घेतला की उठून चहाला जायचो. काल तर उगाच गणेशपुरीच्या एसटीत बसलो आणि तसाच परत आलो. शेवटी आत्ता, शाळेच्या या ओट्यावर बसून लिहिलं. आपल्या शाळेच्या भोईर बाई 'होत्या' असं लिहायला हात धजत नव्हता.

मी आठवीत शाळा सुटलेला माणूस. राहनाळच्या गोडाऊनला कधी ड्युटी, कधी न्हाय. पण इकडून गेलो की बाईंच्या कम्प्युटरच्या खोलीत डोकवायचोच.

आठवतंय ना, कम्प्युटर आला तेव्हा आपण काय केलं? नारळ फोडला, हार घातला, चपला बाहेर काढल्या. आणि दाराला कुलूप. आपले शाळा समितीचे अध्यक्ष दामूशेठ बोलले, पोरांनी हात लावला तं बिघडंल. बाई शांतपणे बोलल्या, "शेठ, दसऱ्याला तुम्ही कारखान्यात कापडाच्या लूमला हार घालता. दुसऱ्या दिवशी लूम बंद ठेवता का?"

शेठनी किल्ली दिली. बाईंशी बोलणं मात्र टाकलं.

पूजेची रीत मात्र बाईंनी मोडली नाही. दर दसऱ्याला पोरं हळदकुंकू लावायची आणि लगेच बटणं दाबायची. एकदा माऊसला झेंडू बांधला, तो हलेच ना. असो, भरकटलो.

मग धड्यांची सीडी आली. त्यातली मुलगी इतकं साफ बोलायची की पोरं तिलाच मॅडम म्हणायची. पाड्यावरची सुमी मात्र गप्प. ती पाड्याच्या बोलीत 'न्हाय' बोलली की वर्ग हसायचा. बाईंनी सुमीच्या आईला कम्प्युटरच्या माइकसमोर बसवून रेकॉर्डिंग केलं. बिळातून चिंबोरी कशी काढायची, ते तिनं आपल्या बोलीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात कम्प्युटरच 'न्हाय' बोलला. आता हसणार कुणाला? पोरं बोलली, बाई, परत लावा. आणि सुमी सगळ्यांना समजावून सांगायला लागली.

कम्प्युटरनं गाव बदललं, असं लोक बोलतात. अर्धंच खरं. बाईंनी त्याला आपलं बोलायला शिकवलं, ते कोण सांगणार?

आता ऐकतोय, त्या खोलीत बाईंचा फोटो लावायचा, हार घालायचा आणि खोली बंद ठेवायची. स्मारक म्हणून. बाई गेल्या तेव्हापासून कुलूप आहेच, किल्ली परत शेठकडे. सुमी रोज दारापर्यंत येते आणि परत जाते.

फोटो लावा. हार घाला. पण कुलूप? बाईंना देव करून कोंडणार? न्हाय. मी कुठे टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. या दारात टिकेन. रोज येईन, रोज किल्ली मागेन.

चला, आता बाईंसाठी दोन मिनिटं शांत उभे...

थांबा. मागे बघा. दामूशेठ आलेत. येणार नाहीत असा निरोप होता ना? वाट द्या त्यांना. शेठ, इकडे खुर्ची आहे.

नको म्हणतात. सरळ खोलीकडे चाललेत. दाराशी चपला काढल्या. हातात किल्ली आहे.

माणसांनो, उभे राहा. कुणी बोलू नका. कुलूप उघडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येऊ दे.