प्रलयाला वन्समोअर

"हॅलो? … हॅलो? कोन? … पुणे? व्हय, व्हय, द्या जोडून. … हॅलो! सुवार्ते, तू का गं? … सलाम, बाळ, सलाम. मोठ्यानं बोल जरा. दारात टँकर आलाय, बाया हंड्यांवरनं भांडत्यात, मला काही म्हनता काही ऐकू येईना!"

दवाखान्याच्या नर्स राहीबाईंनी एका कानाला रिसिव्हर लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि पायानं दवाखान्याचं दार ढकललं. दार पुरतं लागलं नाही, आणि राहीबाईंनी ते लावायची खटपटही केली नाही. कारण बाहेरच्या बाकावर त्यांचा थोरला भाऊ भिमाजी बसला होता. फोनवरच्या पोरीचा बाप. घसा बसलाय, औषध दे, म्हणून सकाळीच आला होता. औषध घेऊन झालं, मिठाच्या गुळण्या करून झाल्या, तरी गडी हलायचं नाव घेईना. शनिवारी दुपारी सुवार्ताचा आत्याला फोन येतो, हे श्रीगोंद्याच्या त्या एवढ्याशा दवाखान्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"… काय म्हनलीस? … येत न्हाईस? … अगं, उद्या कीर्तन हाय! … तुला ठाऊक हाय, हे मलाबी ठाऊक हाय. म्हनून तर इचारते, येत न्हाईस म्हंजे काय?"

"… बाबांनी बोलवलं न्हाई. … बरं. … बरं, खरंय. … हो, हो… अगं ऐक ना! त्यानं बोलवलं न्हाई, पन तू तरी नाताळात काय बोललीस? आठव जरा. मानूस ताटावर बसला हुता. करंजी हातात. अन् तू म्हनलीस, नोहाच्या तारवाची गोष्ट आपली न्हाईच. … मग काय म्हनलीस? … 'आपल्या आधीची हाय.' एकच की ते! … एक न्हाई? … बाई गं, करंजी हातात असलेल्या मानसाला दोन्ही एकच!"

खरं तर पोरगी वाईट हेतूनं बोलली नव्हती. पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकत होती. तिकडं कुणी सरांनी वर्गात सांगितलं, इराकात मातीच्या जुन्या विटा सापडल्यात, त्यांच्यावर खिळ्यासारख्या अक्षरांत पुराची अशीच गोष्ट कोरलीय. देवाचा कोप, नाव, नावेत भरलेली जनावरं, सगळं. आणि त्या विटा शास्त्रापेक्षा, म्हणजे बायबलापेक्षा, जुन्या. पोरगी हरखून गेली. कधी एकदा बाबांना सांगते असं झालं तिला. बाबांना काय ऐकू आलं? की जन्मभर आपण ज्या गोष्टीवर उभे राहिलो ती उसनी होती.

भिमाजी ख्रिस्ती कीर्तनकार. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान, सगळं रीतसर. फक्त आख्यान शास्त्रातलं. आणि मागं पेटीवर सुवार्ता, हात पेटीला पोचायला लागले तेव्हापासून. उभं राहण्याआधी पोरगी विचारायची, "बाबा, पट्टी कोणती?" भिमाजी म्हणायचे, "काळी एक." मग ती सूर धरायची आणि मगच पुढं भिमाजींनी तोंड उघडायचं. त्या नाताळात भिमाजींनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि म्हणाले, "मग तुझी पेटी तिकडंच वाजव." पोरगी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली. पेटी कोपऱ्यात फडक्याखाली राहिली.

"… रडू नको. … न्हाई रडत? मग नाक कशानं वाजतंय? … बरं, सर्दी. सर्दी तर सर्दी. … आता मी सांगते ते ऐक, मधी बोलू नको. … बोललीस. … गेल्या रविवारी काय झालं, कुनी सांगितलं का तुला? … कोन सांगनार!"

"तलावावर कीर्तन ठेवलं हुतं. … अगं तोच पाझर तलाव, दुष्काळी कामाचा. सगळे हुते. आपली मंडळी, मराठ्यांच्या बाया, बौद्धवाड्यातले… दिवसभर माती वाहिलेली मानसं, सुकडी खाऊन तिथंच टेकलेली. … पेटीवर? पेटीवर कोन असनार? कुनी न्हाई. नुसत्या चिपळ्या. … व्हय, तसाच हुबा राहिला. अन् आख्यान कोनतं लावलं, सांग. … बरोब्बर! तेच! लेकीनं परकी म्हनलेली गोष्ट, तीच लावली मुद्दाम. तुझाच बाप तो."

बाहेर बाक करकरला. राहीबाईंनी आवाज आणखी चढवला.

"मानसं पापी झाली, इथवर सगळे गप. जांभया चालल्यात. मग दादा आला पावसावर. तुला ठाऊक हाय, तो पावसावर कसा येतो. … हां, चिपळ्या आधी हळू, मग… हां, तसंच! तिथं भ्यायचं असतं का न्हाई? मी तर लहानपनापासनं भीत आलेय. अन् हे लोक हसाय लागले! … न्हाई गं, टिंगल कसली! आनंदानं! 'पडू द्या, बुवा, पडू द्या!' ओढे फुटले, टाळ्या. विहिरी भरल्या, टाळ्या. डोंगर बुडाले म्हनला तर एक म्हातारी पदर पसरून हुबीच राहिली. मातीच्या ढिगावर! अन् मागनं एक गडी वरडला, 'वन्समोअर!'"

"… अगं प्रलयाला! प्रलयाला वन्समोअर! … हस, हस. लई दिवसांनी हसलीस. तुझ्या बापाचं तोंड बघाय पाहिजे हुतंस तू. हा देवाचा कोप सांगतोय, अन् लोक म्हनत्यात, पुन्हा एकदा कोपू द्या!"

"… मग काय करतो? पाडला पुन्हा पाऊस. … व्हय की! पयल्यापेक्षा जोरात पाडला. मला तर वाटलं, आता छत्री आनावी लागती."

राहीबाईंचा आवाज इथं जरा खाली आला. त्या रविवारी त्यांनी भावाला कीर्तनात अडलेलं पहिल्यांदाच पाहिलं होतं. पाऊस पाडून झाल्यावर भिमाजी उभेच राहिले, समोरच्या भेगाळलेल्या रानाकडं बघत. धमकी द्यायला आलेल्या माणसाच्या पदरी लोकांनी आशा टाकली होती, आणि तिचं काय करावं ते त्यांना कळेना. राहीबाईंना भावाची तेव्हा फार माया आली होती.

"… आता पुढं ऐक. कीर्तन सुटलं, अन् मनकर्णा आली. … मजुरांच्या टोळीची मुकादम गं, उंच, कपाळावर हे एवढं कुंकू. दादाच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून हुबी. म्हनली, 'बुवा, ही आमची गोष्ट तुमाला कुनी सांगितली?' … हां! 'आमची' म्हनली! 'आमच्या मनूराजाची हाय ही. नाव बरोबर, पानी बरोबर, पन तुमी मासा इसरलात!'"

"… तू हसतीस, पन मला धडकी भरली हुती. म्हनलं, एकीनं सांगितलं तर नाताळ नासला, आता ही दुसरी! … तेच सांगते ना. दादा तिच्याकडं बघत राहिला. अन् म्हनतो कसा, 'मासा कसला?' … आईशप्पत! … व्हय, ख्रिस्ती बाईनं शपथ घिऊ नये, घेतली. मनकर्णा बसली की मग सांगाय. मनूराजा हात धुवाय बसला, ओंजळीत मासा आला इवलासा. म्हनला, मला वाचव, मी तुला वाचवतो. तेवढ्यात म्हातारी म्हनती, 'आदी ओंजळभर पानी कुटनं आनलं त्यानं?' … अगं सगळे लोळले हसून. दादासुदा."

"… काय? … हळू बोलतीस, ऐकू येईना. … मग आपलं शास्त्र खोटं का? असं इचारतीस?"

हा प्रश्न पोरीचा एकटीचा नव्हता, हे त्यांना कळत होतं. बाहेरचा बाक आता करकरतही नव्हता.

"हे बघ, बाळ. मी काही शिकलेली न्हाई तुझ्यावानी. मी बाळंतपनं करते. मराठ्याच्या घरी करते, मुसलमानाच्या करते, बौद्धाच्या करते, आपल्यात करते. पोर हातात दिलं की हरएक आई म्हनती, असं पोर कुनाचंच न्हाई. … खोटं बोलती का ती? … अन् शेजारनीचं पोर तिच्या आधी झालं, म्हनून हिचं नकली का? … झालं तर मग! मला एवढंच कळतं. बाकीचं तुमच्या सरांना इचार."

"… हॅलो? कोन? … मिनिटं झाली? वाढवा हो, बाई, वाढवा! लेकराचं बोलनं चाललंय. बिल दवाखान्याच्या नावावर लावा, डॉक्टरांना मी सांगीन. … हॅलो, सुवार्ते? हाय मी. लवकर ऐक. तेव्हापासून तुझा बाप मला पिडतोय. 'राही, त्या विटांवर पुढं काय लिवलंय गं? पोरगी पुरतं सांगून गेली न्हाई.' … अगं मला काय ठाऊक! मला मलमाचं इचार. … तू सांगितलंस कुठं पुरतं? तो ताटावरनं उठला, तू घरातनं उठलीस. … उद्या पूर्वरंगात मनकर्णाचा मासा घेतोय. खरंच! आख्यान नोहाचं. अन् मधी जागा ठेवलीय. … कशाला म्हंजे? तुझ्या विटेला!"

"… तलावाचं काम संपलं गं. परवा मानसं पांगनार, कोन कुठल्या कामावर जाईल ठाऊक न्हाई. अन् तो म्हनतो, उद्या पेटी न्हाई तर कीर्तन न्हाई, चिपळ्या खुंटीला टांगतो म्हनतो. कायमच्या. … मी कशाला भीती घालू? … त्यानं सांगावं? … त्याच्या तोंडानं? … थांब. ठेवू नको. ठेवलास तर बघ!"

राहीबाईंनी रिसिव्हर टेबलावर ठेवला आणि फाडकन दार उघडलं. भिमाजी दाराला इतके टेकले होते की आतच आले. राहीबाईंनी त्यांचं मनगट धरलं, खुर्चीत बसवलं, रिसिव्हर हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला. राहीबाईंनी सुलटा केला.

"हॅलो?" भिमाजी म्हणाले. लाउडस्पीकरशिवाय अख्ख्या माळाला ऐकू जाणारा तो माणूस, त्याचा आवाज खोलीच्या दारापर्यंत पोचला नाही. "… हं. … हं. … मीच. … घसा व्हय, जरा बसलाय. … ज्येष्ठमध खातो. … हं."

तारेतनं नुसती खरखर. राहीबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"सुवार्ते… एक इचारायचं हुतं. त्या विटेवरचा… नावेतला बाबा… हां, तोच. पाऊस थांबल्यावर… त्यानं पाखरू सोडलं हुतं का?"

कीर्तनात ही जागा आली की भिमाजी चिपळ्या थांबवायचे, सुवार्ता पेटी थांबवायची, आणि माणसं माना वर करून आभाळात पाखरू शोधायची. त्या जागेवर बापलेकीनं एकमेकांना कधी खूण केली नव्हती. लागलीच नव्हती.

"… सोडलं? … कबूतर? … कबूतरच! … अन् परत आलं? … मग? … दुसरं सोडलं. … भिंगरी, म्हंजे पाकोळी? तीबी आली. … मग? … कावळा. … तो न्हाई आला."

भिमाजी हसले. बसलेल्या घशातनं ते हसू कसंसंच निघालं.

"आपल्यात कावळा आधी जातो गं. त्यांच्यात शेवटी. … म्हंजे त्याला जमीन घावली. … व्हय. … व्हय, बाळ. … न्हाई, ती गोष्ट उसनी न्हाई. कुनाचीच उसनी न्हाई. चहूकडं पानी, अन् मानूस आत कोंडलेला. दुसरं काय करनार तो? पाखरू सोडनार अन् वाट बघत बसनार. … मी तरी काय करतोय सकाळधरनं बाकावर? … तुझी लई आठवन येती गं. ताटावरनं उठाय नको हुतं मी. … हं? … काय? ऐकू येईना… काय इचारलंस? … आं?"

भिमाजी खुर्चीतनं उठून उभे राहिले. उपरणं नसतानाही त्यांचा हात खांद्याकडं गेला.

"न्हाई, काळी एक न्हाई झेपायची उद्या, घसा बसलाय. पांढरी एक धर. … पांढरी एक! … हॅलो? … सुवार्ते? … हॅलो?"

लाईन गेली होती. तरी भिमाजींनी रिसिव्हर कानाचा काढला नाही. राहीबाईंनी तो हळूच सोडवून घेतला आणि जागेवर ठेवला.

"काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"पट्टी इचारली," भिमाजी म्हणाले, आणि पेटीवरचं फडकं काढायला घराकडं चालू लागले.