पुठ्ठ्यात सापडलेला शेवट

डोळ्यांच्या दवाखान्यात सात नंबरवाल्या बाई शेजारच्या दोघांचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“काका, ग्रंथालयात पुस्तकं बांधायचे ते तुम्हीच ना? मी फ्रेंच कादंबऱ्यांवर संशोधन करते.”

“काही चुकलं का, मॅडम?”

“दीडशे वर्षांपूर्वी पेपरात रोज थोडी थोडी छापलेली एक कादंबरी. शेवटचा भाग कुठेच मिळेना. तुम्ही बांधलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात निघाला!”

“अहो, पुठ्ठा संपला म्हणून रद्दी चिकटवली, तर साहेबांनी मला फैलावर घेतलं होतं.”

“माझी सहा वर्षं वाचवलीत, काका. उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले! शेवटी काय होतं, तेवढं सांगा.”

“नवरा मेला समजून ती बोटीत चढते, आणि—”

“सात नंबर!”

“आधी आठला जाऊ द्या,” बाई म्हणाल्या.