पाच वेबसाइटी आणि एक बटण

...आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, तुम्ही एवढ्या घाबरता कशाला?" आता तुम्हीच बघा, सातवी शिकलेली बाई मी, कडेवर आठ महिन्यांचं बाळ, समोर नणंदेचा लॅपटॉप, आणि त्या म्हणतात, दाबा बटण. मी घाबरू नको तर काय करू?

तुम्हाला सांगते, आमच्या वन्सं घरूनच काम करतात, पुढच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून. काम काय, तर त्यांच्या कंपनीकडे पाच वेबसाइटी, दवाखान्याची, शाळेची, वाचनालयाची, बसच्या तिकिटांची आणि विजेच्या बिलाची. पाचही ठिकाणी पाच जणांनी आपापली बटणं बनवलेली, एकाचं निळं, एकाचं हिरवं, एकाचं तर शोधावं लागतं. वन्सं म्हणाल्या, एका घरात पाच चुली कशाला? बटण एकदाच नीट बनवू, तारखेचा रकाना एकदाच, सगळं एका सामाईक कपाटात ठेवू, ज्याला लागेल त्यानं तिथून घ्यावं. कपाटातलं दुरुस्त केलं की पाचही ठिकाणचं आपोआप दुरुस्त. साहेब म्हणाले, "उत्तम. शुक्रवारी चार वाजता चालवून दाखवा. नाही चाललं तर घरून काम बंद, इकडे ऑफिसात या."

ऑफिस कुठे, तर सहा तासांच्या वाटेवर. म्हणजे वन्सं चालल्या तिकडे राहायला आणि दिवसभर घरात मी आणि बाळ. अहो, बाळ शिंकलं तरी मला दरदरून घाम फुटतो. वन्सं टेबलावरून मान न वळवता म्हणतात, "शिंकच आहे, वहिनी," आणि मी माणसात येते. त्या गेल्यावर हे कोण म्हणणार? आमचे हे? ते तर माझ्याही आधी घाबरतात.

बरं, कपाट उभं राहायलाही किती सोसावं... पहिले दोन दिवस फोनवर त्या पाच जणांची नुसती जुंपलेली. एक म्हणे, "बटणाचे कोपरे गोल हवेत." दुसरा म्हणे, "गोल काय, साबणाची वडी आहे का ती?" तिसरा नुसताच, "माझा आवाज येतोय का?" येत होता, पण कोणाला ऐकायचा नव्हता. शेवटी वन्संनी कोपरे जरासेच गोल केले, कपाटातल्या प्रत्येक वस्तूचं, दाबून बघायला, एक नमुन्याचं पान केलं आणि मला हाक मारली. "वहिनी, दवाखान्याची वेळ घेऊन बघा. खोटीच आहे."

मी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. नाहीच. तिसऱ्यांदा जोरात, चौथ्यांदा देवाचं नाव घेऊन... आणि एकाच बाळाच्या चार वेळा ठरल्या. एकाच डॉक्टरकडे, एकाच मिनिटाला. आजवर माझ्या हातून काही बिघडलं की माहेरी काय, सासरी काय, एकच वाक्य, "तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं?" तेच येणार म्हणून मी मान खाली घालून उभी. तर वन्सं म्हणतात, "तुमचं नाही चुकलं, वहिनी. बटणाचं चुकलं. दाबल्यावर त्यानं सांगायला नको का, कळलं म्हणून?"

खरं सांगते, बटणाचं चुकू शकतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी आत जाऊन उगाच बाळाच्या दुपट्यांच्या पुन्हा घड्या घातल्या, डोळे पुसायला दुपटंच बरं पडतं.

मग वन्सं म्हणाल्या, "दाबल्यावर बटणानं काय म्हणावं, तुम्हीच लिहा. मी बघून घेते, मग पाठवते." शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी बसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं, वन्संनी एका हातानं त्याला उचललं, दुसऱ्या हातानं 'सगळीकडे पाठवा' दाबलं, आणि बघायचं राहून गेलं. चार वाजता व्हिडिओ कॉलवर साहेबांनी सगळ्यांसमोर विजेचं बिल उघडून बटण दाबलं. ते मंद झालं आणि त्यावर अक्षरं आली, 'पोचलं हं. घाबरू नकोस. आता परत दाबू नकोस, राजा.'

साहेबांनी बसचं तिकीट उघडलं. राजा. वाचनालय, शाळा, दवाखाना... सगळीकडे राजा. वन्संचा चेहरा पांढराफटक. सहा तासांची वाट माझ्या डोळ्यांपुढे. मी घाबरू नको तर काय करू?

मग साहेब खोकल्यासारखं हसले. "म्हणजे एका जागी लिहिलं आणि पाचही ठिकाणी पोचलं. हेच तर बघायचं होतं. तुम्ही घरूनच काम करा. तो 'राजा' तेवढा काढा, बाकी असू द्या. लिहिलं कोणी?"

वन्संनी बाळासकट मला कॅमेऱ्यापुढे ओढलं. म्हणाल्या, "आमच्या वहिनींनी." एवढ्या लोकांसमोर चुकीशिवाय माझं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं. देव त्यांचं भलं करो.

पण साहेब तेवढ्यावर थांबतील तर ना. म्हणाले, "यापुढे कपाटातली प्रत्येक नवी वस्तू आधी वहिनींना दाखवायची. त्या घाबरल्या तर बाहेर पाठवायची नाही." लोकांना हुशारीवर काम मिळतं, मला घाबरण्यावर मिळालं. सोमवारी पहिला दिवस आहे, आणि आता एकच धास्ती... ऐन वेळी मला नीट घाबरताच आलं नाही तर?