तीन नंबरची लाइन गेली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वरिष्ठ अधिकारी, आजचे सत्कारमूर्ती तारवाले, त्यांच्या पत्नी आणि समोर बसलेल्या तुकडीतील सर्वजण,

मला पाच मिनिटं दिली आहेत. वर्गात मी कुणाला जास्त दिली नाहीत, तेव्हा मागणारही नाही.

तारवाल्यांचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेत वाचून निम्म्या लोकांनी विचारलं, हे कोण? चार शहरांत सरावासाठी आपल्या चिलखती गाड्यांच्या नकली केबिना आहेत. आत बसलेल्या सगळ्यांना पडद्यावर एकच रणांगण दिसतं, ते या माणसाने जोडलेल्या तारांमुळे. पण तार ती तार. मधूनच एखादी केबिन गप्प होते. रेडिओ बंद, गाडी जागच्या जागी. तेव्हा काय करायचं, हा नियम माझा. ‘लाइन गेली’ म्हणायचं आणि पुढे जायचं. दोन मिनिटांत ती परत येते.

तारवाले दरवर्षी अर्ज देत: केबिन गप्प झाली की लढाई थांबवा, कुणीतरी जाऊन दार उघडून बघा. मी म्हणत असे, अहो, तोवर शत्रूला चहाला बसवू का? सगळे हसत. तेही हसत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

गेल्या महिन्यात हीच तुकडी खऱ्या गाड्या घेऊन माळावर उतरली. आम्ही दोघं मनोऱ्यावर, कानाला हेडफोन. तीन नंबरची गाडी ओढ्यात उतरली ती वर आलीच नाही. तुकडीप्रमुखाचा आवाज आला, अगदी शांत.

“तीनची लाइन गेली. पुढे चला.”

आणि बाकीच्या गाड्या खरंच पुढे गेल्या.

मी काय केलं? घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं मोजायला.

तारवाल्यांनी हेडफोन काढला. “मॅडम, इथे कुठली लाइन?” एवढं म्हणाले आणि निवृत्तीला आलेला हा गृहस्थ शिडी उतरून धावत सुटला.

गाडी उलटली होती. तोफ चालवणारा बेशुद्ध. चालक पट्ट्याला उलटा लटकलेला, पाणी त्याच्या भुवयांपर्यंत चढलेलं. दोघेही वाचले. चालक तिसऱ्या रांगेत बसला आहे, हात गळ्यात बांधून. इस्पितळात मी त्याला जरा दरडावूनच विचारलं, हाका का मारल्या नाहीस?

तो म्हणाला, “मॅडम, मला वाटलं, पडदा परत सुरू होईल.”

मला स्टूल ओढून बसावं लागलं. हे त्याला कुणी शिकवलं, असं विचारायची सोय नव्हती.

तारवाले, तुमचा अर्ज काल मंजूर केला. सोमवारपासून एक केबिन गप्प झाली की चारही शहरांत लढाई थांबेल आणि दार उघडलं जाईल. शालीपेक्षा तुम्हाला हेच हवं होतं, आणि ते फार उशिरा दिलं.

आयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ती दोन मिनिटं मात्र घालू नका.