एका वार्डातल्या दोन जावा

माहं माहेर पिंपळगाव राजा, अन् दिलं खामगावच्या पुढं, गावाचं नाव नका लिहू. घरचे तेलमिलीत, दीरबी तिथंच, अन् आमी दोघी जावा दवाखान्यात आया. मी सरकारी दवाखान्यात, कायम, अन् धाकटी मंदा खाजगीत. काम एकच हो, बेडपॅन देनं, चादरी बदलनं, बाळंतिनीले धरून चालवनं, रगत पुसनं. पन माह्या पोराच्या वेळी मले भरपगारी सुट्टी भेटली, अन् मंदा ओली बाळंतीन, टाके सुकले नाई तं कामावर, कारन नाई गेली तं दुसरी उभीच होती. मले दिसे सगळं.

मंग तो पेन्शनचा संप आला. आता काय सांगू तुमाले, मी जुन्यातली, माही पेन्शन पक्की, पन नवीन पोरी म्हने, काकू, आमाले तुमच्यासारखी नाई, तुमी बसा आमच्यासंग. बसली मी. दवाखान्यासमोर मंडप टाकला, अन् येनारे-जानारे म्हनत, या लोकायले काय कमी आहे बे, खाजगीवाले नाई का जगत, यांचंबी तसंच करा. ऐकून ऐकून कान किटले.

तिसऱ्या दिवशी मंदा ऑटोतून उतरली, पोरीले घेऊन. पोर बाळंतपनाले माहेरी आलेली, कळा सुरू. मले म्हने, ताई, चाला ना आत. मी उठली. तं युनियनच्या भाऊनं हात आडवा केला, म्हने काकू, एक आत गेली तं सगळ्याच जातीन, मंग संप कायचा? अन् मी खाली बसली. बसली हो मी. आत एक डॉक्टरीन अन् एकच सिस्टर. मंदानं पदर खोचला, पोरीचं केलं अन् बाजूच्या दोघीचंबी केलं. माह्या वार्डात माहं काम तिनं केलं, अन् बाहेर आमी घोषना देऊन राह्यलो होतो.

सांजी बाहेर आली, हाताले फिनेलचा वास. म्हने, नात झाली, ताई. म्हटलं, मंदे, माफ कर व माय. ती रागावली नाई. म्हने, राहू द्या, पन एक सांगा, हे लोक म्हनतात तुमचं आमच्यासारखं करा, आमचं तुमच्यासारखं करा असं काऊन नाई म्हनत कोनी?



संप मिटला. पुढं मी रिटायर झाली. माही जागा भरलीच नाई, ठेकेदारामार्फत बाई घेतली, अन् ती कोन, तं मंदाच. म्हने, खाजगीपेक्षा बरं, वार्ड तं वळखीचा आहे. तोच वार्ड, तेच काम, पन सुट्टी नाई, पेन्शन नाई. अन् मी घरी बसून पेन्शन खाते. लय कसनुसं वाटते हो.

मागच्या आठवड्यात मंदा तापानं फनफनली. नाई गेली तं काम जाते. ठेकेदाराले मानूस पायजे, कोन पायजे असं काई नाई. मंग मीच गेली, गुडघे दुखतात तरी गेली. सिस्टर म्हने, काकू, तुमी तं रिटायर झाल्या ना? म्हटलं, हाव माय, पन हजेरीवर आज मी मंदा आहो.

चार दिवस केलं. काल गेली ती कामावर, अंगात अजून कसर आहे तरी. म्हटलं, जाय व माय, जपून जाय.