एक गाय जास्त

मोरवेना : अरे, जरा हळू! चढ आहे हा, तुझ्या घरचा जिना नाही. गुडघ्यांची पार वाट लागली माझ्या.

डेन्झिल : तुला ये म्हणून कुणी आवतण दिलं होतं? तुझी बहीण, जेनिफर, गेल्यापासून मंगळवारची फेरी मी एकटाच करतोय. या माळावरचं रान माजू नये म्हणून मोकळी सोडलेली जनावरं. गाई मोजायच्या, तट्टं मोजायची, कुणी लंगडतंय का बघायचं आणि घरी जायचं. त्याला दोन माणसं कशाला?

मोरवेना : हवा खायला आले म्हण.

डेन्झिल : या वाऱ्यात? मघाशी टोपी समुद्रात गेली तुझी. खरं सांग, माळाची देखभाल करणाऱ्या ऑफिसनं पाठवलंय ना?

मोरवेना : बरं बाबा, पाठवलंय. तुझ्या मंगळवारी कळपात एक गाय जास्त भरते. बुधवारी दुसरा कुणी गेला की पुन्हा कमी. कुणाची तरी चुकून शिरतेय म्हणून ऑफिसातली पोरगी शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना फोन करकरून दमली.

डेन्झिल : जास्तच भरते ना? कमी तर नाही पडत! मग बोंब कसली?

मोरवेना : त्यांचं म्हणणं, तुला दिसत नाही. तसं असेल तर फेरी दुसऱ्याला देणार.

डेन्झिल : माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? आणि फुकटच्या कामाला परीक्षा कसली घेता?

मोरवेना : बसू दे मला आधी. पिशवी ठेव मागं, वारा अडेल. अगं बाई, ते तट्टू बघ, आडवंच पडलंय!

डेन्झिल : ऊन खातंय. फिरायला आलेले लोक तेवढंच बघून 'मेलं, मेलं' म्हणून फोन करतात. शेपटी हलते की नाही ते बघायचं. हलली ना?

मोरवेना : हलली. आता गाई दाखव.

डेन्झिल : खाली खडकांपाशी चरतायत त्या. आणि वर एकटी बसलीय ती डचेस. काळी. भारी तोरा आहे तिला, इतरांत मिसळत नाही.

मोरवेना : डेन्झिल, ती कायम तिथंच असते?

डेन्झिल : मार्चपासून. गुणाची गाय. तब्येत ठणठणीत, रत्तीभर वजन घटलेलं नाही.

मोरवेना : आणि रवंथ?

डेन्झिल : करते की. निवांत.

मोरवेना : जवळ जाऊन कधी बघितलंस का?

डेन्झिल : जवळ? पहिल्याच दिवशी शिकवलंय आपल्याला. जनावर लांबून बघायचं, हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. नियम म्हणजे नियम.

मोरवेना : अरे देवा! खोड आहे ते! मार्चमध्ये काटेरी झुडपं जाळली ना, त्यातलं जळकं खोड!

डेन्झिल : काहीतरीच! मग डचेस कुठंय?

मोरवेना : तुझ्या पाठीमागं. पिशवीत तोंड घालून उभी आहे.

(पिशवीची ओढाताण. पिशवी मिळते, रिकामी.)

डेन्झिल : माझा केशराचा पाव! अख्खा गिळला भवानीनं!

मोरवेना : खायला घालायचं नाही. नियम म्हणजे नियम.

डेन्झिल : मी कुठं घातला? तिनं घेतला!

मोरवेना : थांब, पोट दुखायला लागलं हसून...

डेन्झिल : हस, हस. झालं की लाव फोन. सांग त्यांना, म्हातारा आंधळा झालाय.

मोरवेना : डेन्झिल...

डेन्झिल : नाही, सांगच. पण ही फेरी गेली तर मंगळवारी मी उठू कशासाठी? जेनिफरचे बूट अजून दारात आहेत. इथं यायचं म्हणून तेवढे तरी ओलांडून बाहेर पडतो. मला ही फेरी हवीय गं.

मोरवेना : गप्प बस जरा. हॅलो? हो, मोरवेनाच बोलतेय. जास्तीची गाय सापडली. नाही, आता यायची नाही ती. डेन्झिलचं ना? मोतीबिंदू असावा, मी नेते त्याला डॉक्टरकडे. तोवर मंगळवारी आम्हा दोघांची नावं लाव. हो, दोघांची.

डेन्झिल : मला न विचारता?

मोरवेना : विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?

डेन्झिल : नसतो म्हणालो. ...एक सांगू? हसायचं नाही.

मोरवेना : हसून झालंय माझं. बोल.

डेन्झिल : मी बोलायचो तिच्याशी. त्या खोडाशी. इथंच बसून, जेनिफरबद्दल. बाकीच्या गाई दोन वाक्यं झाली की उठून जातात. ही एकटी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

मोरवेना : काय सांगायचास?

डेन्झिल : असंच, काहीबाही.

मोरवेना : मग सांग की. हे असले गुडघे घेऊन मी तरी कुठं उठून जातेय?