बेचाळीस निघाले, अठ्ठावीस पोचले

जबाब देणार : पाणीवाल्या ताई (खरे नाव नोंदवहीत घेतले आहे, त्या नावाने हाक मारली तर मीही वळून पाहत नाही), वय ५९, धंदा पाण्याच्या हक्कांची मध्यस्थी, राहणार पाटाच्या शेवटच्या पुलाजवळ.

मी आज सकाळी साडेदहा वाजता, कोणी न बोलावता, ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, गेली बावीस वर्षे मी पाटाच्या पाण्याचे व्यवहार जुळवून देते. पाणी विकतात कसे, असे हवालदारांनी विचारले, म्हणून सांगते. पाटावरच्या प्रत्येक जमिनीला पाण्याचा ठरलेला हक्क असतो. धरणातला साठा बघून कार्यालय हंगामाच्या सुरुवातीला जाहीर करते, की यंदा हक्काच्या किती टक्के पाणी मिळेल. यंदा पस्तीस टक्के. चाऱ्याचे शेत एक हंगाम पडीक ठेवता येते, बारा वर्षांची फळझाडे ठेवता येत नाहीत. म्हणून कोरड्या वर्षी चारावाले पाणी विकतात, बागवाले घेतात आणि भाव चढतो. यात कोणी कोणाला लुबाडत नाही. याहून शहाणी सोय मला कोणी दाखवून द्यावी.

चारा पिकवणारी माझी सख्खी धाकटी बहीण (यापुढे संशयित महिला) हिचा हक्क एकशेवीस युनिटचा. यंदाचे बेचाळीस. ते सगळे तिने माझ्यामार्फत एका बागवाल्याला विकले. आमच्याकडे रीत अशी, की विकणाऱ्याने आपल्या शेतात पाणी घेणाऱ्या पाटाच्या दाराला स्वतः कुलूप लावायचे आणि एकुलती एक किल्ली घेणाऱ्याच्या हातात द्यायची. संशयित महिलेने तसे केले. तिथून बाग चौदा किलोमीटर. वाटेत दहावा हिस्सा मुरतो असे धरून मी अडतीस युनिटचा शब्द दिला. पोचले अठ्ठावीस.

बागवाल्यांनी मंगळवारी तक्रार दिली, की दुसरी किल्ली बनवून पाणी चोरले. माणूस वाईट नाही. झाडांची पाने गळू लागल्यावर कोणाचेही डोके फिरेल. पण चोरी शाबीत झाली तर हक्क कायमचा रद्द होतो, आणि त्या हक्कावाचून संशयित महिलेची जमीन म्हणजे नुसती माती. तिला आज अकराला चौकशीसाठी बोलावले आहे. म्हणून मी साडेदहाला आले.

बुधवारी मी तिच्या घरी गेले होते. "दुसरी किल्ली आहे का गं?" असे मीसुद्धा विचारले. संशयित महिला उठली. तिने कोपऱ्यातले फावडे उचलून माझ्या हातात दिले. मी तिच्या शेतात चार ठिकाणी हातभर खोल खणले. चारही ठिकाणी धूळ निघाली. दाराच्या चाकावर कोळ्याने चांगले ऐसपैस जाळे विणले होते. परत येऊन फावडे जागेवर ठेवले. ती मला बस म्हणाली नाही.

गुरुवारी पाणी सुटले, तेव्हा पाटावर देखरेख करणाऱ्या पाटकऱ्यांना सोबत घेऊन मी त्या दारापासून बागेपर्यंत चालत गेले. प्रत्येक पुलावर माप घेतले. चोर एका जागी पाणी काढतो, तिथे माप एकदम पडते. इथे दर पुलाला थोडे थोडे कमी होत गेले. कारण साधे आहे. चांगल्या वर्षी पाट रोज वाहतो, तळ ओला राहतो. यंदा पाणी आठवड्यातून दोनच दिवस. मधल्या दिवसांत तळाला भेगा पडतात, आणि पाणी आले की आधी पाट स्वतः पितो. दहावा नव्हे, तिसरा हिस्सा मुरतो. बावीस वर्षे दहावा हिस्सा धरायची हाताला सवय, तसाच यंदाही धरला. चूक संपूर्ण माझी आहे.

बागेला दहा युनिट कमी पडले. बागेला लागून माझा भाजीचा मळा आहे, त्याचे यंदाचे पाणी साडेदहा युनिट. आज सकाळी माझ्या दाराला मी कुलूप लावले. किल्ली आणि पाटकऱ्यांच्या सहीचा मापांचा कागद टेबलावर ठेवला आहे. किल्ली बागवाल्यांना द्यावी. मळा वाळेल, वाळू दे. हवालदार म्हणाले, "ताई, घाई करू नका, विचार करा." मी म्हटले, "विचार बुधवारी करायचा होता, तिला तो प्रश्न विचारण्याआधी." धंदा मी सोडणार नाही. यापुढे मुरण्याचा हिस्सा पाटाचा तळ बघूनच धरेन.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. वेळ, वार, मापे मी सांगितली तशीच उतरली आहेत. एक दुरुस्ती आहे. वर चार ठिकाणी "संशयित महिला" लिहिले आहे. चारही ठिकाणी ते खोडून "माझी धाकटी" लिहावे. प्रत्येक खोडलेल्या जागेशेजारी मी सही करते. आता अकरा वाजले आहेत, ती बाहेर बाकावर येऊन बसली आहे. दुरुस्त केलेला जबाब पुन्हा वाचाल, तेव्हा दार उघडे ठेवून, जरा मोठ्याने वाचावा.